पंचावन्न मतांना अकराच्या अकरा जागा का मिळतात?

शंभर सभासदांची एक गृहनिर्माण संस्था धरा. पुनर्विकासावरून तिच्यात दोन तट पडलेत. ५५ जणांना समोर आलेला बिल्डर मान्य आहे, ४५ जणांना नाही. तेवढ्यात कमिटीची निवडणूक लागते. जागा ११. दोन्ही गट आपापलं पॅनेल उभं करतात. जितक्या जागा तितकी मतं, असा नियम असल्यामुळे ५५ जण आपल्या पॅनेलच्या अकराही नावांवर खूण करतात आणि ४५ जण आपल्या. मोजणीत एका पॅनेलच्या प्रत्येक उमेदवाराला ५५ मतं पडतात, दुसऱ्याच्या प्रत्येकाला ४५. पहिले अकरा निवडून येतात आणि दुसऱ्या गटाच्या हाती काहीच लागत नाही.

यात कुणी खोटं मतदान केलेलं नाही. सगळं नियमाप्रमाणे झालं. तरी पुढची पाच वर्षं निविदा कुणाकुणाच्या आल्या, वास्तुविशारदाची फी किती ठरली, भाड्याच्या घराचे पैसे किती महिने मिळणार, हे कमिटीच्या टेबलावर बसून विचारणारा या ४५ घरांचा एकही माणूस तिथे नसेल. मुंबईत घर ही बहुतेकांच्या आयुष्यातली एकमेव मोठी मिळकत असते. तिच्याबद्दलचे कागद आपल्या माणसाच्या नजरेखालून जाणं ही क्षुल्लक मागणी नव्हे.

मतं किती पडली हे आपण बारकाईने बघतो. ती मोजायची रीत मात्र सहसा कुणी बघत नाही, आणि समितीचं रूप बरंचसं तिथेच ठरून जातं.

एक निवडणं वेगळं, अकरा निवडणं वेगळं

अध्यक्ष एकच असतो. एका खुर्चीचे भाग पाडता येत नाहीत, म्हणून ज्याच्या बाजूला जास्त माणसं त्याला ती मिळावी, हे पटण्यासारखं आहे. अकरा खुर्च्यांचे भाग पाडता येतात. पण जितक्या जागा तितकी मतं देण्याच्या रीतीत आपण एका खुर्चीचा नियम अकरा वेळा लावतो. मग तेच ५५ जण अकरा वेळा जिंकतात. समिती ही सर्वसाधारण सभेची लहान प्रतिकृती असायला हवी. इथे ती फक्त बहुमताची प्रतिकृती होते, आणि सभेतल्या जवळजवळ निम्म्या माणसांचं त्यात नावही उरत नाही.

यावर कायद्याने एक उपाय केला आहे, तो म्हणजे राखीव जागा. आदर्श उपविधींप्रमाणे शंभरपर्यंत सभासद असलेल्या संस्थेच्या ११ जागांपैकी २ महिलांसाठी असतात. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्त जाती व विशेष मागास प्रवर्ग यांच्यासाठी एकेक असते. उरलेल्या ६ सर्वसाधारण. या जागा असायलाच हव्यात असं माझं ठाम मत आहे, कारण त्या नसत्या तर कित्येक कमिट्यांत बाई दिसलीच नसती. पण त्या जागांसाठीही सगळेच सभासद मतं देतात. म्हणजे ५५ जणांचं पॅनेल आपल्यातल्याच दोन महिला उभ्या करतं आणि त्या जागाही घेऊन जातं. ४५ जणांच्या गटातल्या बायकांचा प्रश्न तसाच राहतो. राखीव जागा कुणी बसायचं ते ठरवते. त्याला कुणी बसवायचं हा प्रश्न ती सोडवत नाही.

हा प्रश्न आपल्याकडे फार मोठ्या पातळीवर लढला गेला आहे. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्यात झालेल्या पुणे कराराच्या मुळाशी तोच होता. अस्पृश्य समाजाचे प्रतिनिधी कुणाच्या मतांनी निवडून यायचे? स्वतंत्र मतदारसंघ, म्हणजे ज्यात फक्त त्या समाजानेच मत द्यायचं, मागे पडला आणि सगळ्यांनी मत द्यायच्या संयुक्त मतदारसंघात राखीव जागा आल्या. पण करारात एक पायरी मुद्दाम ठेवली होती. प्रत्येक राखीव जागेसाठी आधी फक्त त्या समाजाच्या मतदारांनी चार उमेदवार निवडायचे आणि मग सर्व मतदारांनी त्या चौघांतून एक निवडायचा. दुसऱ्यांच्या बहुमताने आपला माणूस ठरवला तर तो आपला राहत नाही, ही डॉ. आंबेडकरांची काळजी त्या पायरीत स्पष्ट दिसते.

नऊ जणांचा एक माणूस

पुनर्विकासाच्या त्या संस्थेत आता फक्त मत देण्याची रीत बदलून पाहू. प्रत्येक सभासदाला एकच मत, पण ते पसंतीक्रमाने द्यायचं. सर्वांत आवडत्या नावापुढे १, त्यानंतरच्यापुढे २, मग ३, जितकं वाटेल तितकं. घटनेच्या मराठी भाषेत याला एकल संक्रमणीय मत म्हणतात. अर्थ एवढाच की मत एक आहे, आणि ते एका उमेदवाराच्या कामी आलं नाही किंवा त्याला गरजेपेक्षा जास्त झालं, तर पुढच्या पसंतीकडे सरकतं.

निवडून यायला किती मतं लागतील? त्याला कोटा म्हणतात. मतं १००, जागा ११. जागांमध्ये एक मिळवायचा म्हणजे १२. शंभराला बाराने भागलं की ८.३३ येतात, त्याच्या वरचा पूर्ण आकडा ९. अकराने न भागता बाराने का भागायचं? कारण ९ हा असा सर्वांत लहान आकडा आहे जो अकरा जणांना गाठता येतो, पण बारा जणांना एकाच वेळी गाठता येत नाही. बारा नव्वे १०८, आणि मतं आहेत शंभरच.

आता ४५ जणांच्या हाती बरोबर पाच कोटे आहेत. ५५ जणांच्या हाती सहा कोटे आणि वर एक मत. निकाल ६ विरुद्ध ५. बहुमत बहुमतच राहिलं, निर्णय त्यांच्याच हाती आहेत. पण दुसऱ्या बाजूचे पाच जण आत बसले आहेत, कागद बघत आहेत.

समजा त्या ४५ जणांनी आपल्यातल्या एकाच लोकप्रिय बाईंच्या नावापुढे १ लिहिला. त्यांना ४५ मतं मिळाली, गरज होती नऊची. उरलेली ३६ मतं वाया जात नाहीत. ती त्या मतपत्रिकांवरच्या दुसऱ्या पसंतीकडे जातात, तिथून शिल्लक राहिली तर तिसरीकडे. आणि ज्याला सर्वांत कमी मतं पडली तो बाद झाला की त्याची मतं त्याच्या मतदारांच्या पुढच्या पसंतीकडे जातात. साधं एकच मत दिलं असतं आणि सरकण्याची सोय नसती, तर त्या बाई एकट्या निवडून आल्या असत्या आणि ३६ जणांचा आवाज तिथेच विरला असता.

मला या रीतीत सर्वांत जास्त आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. कोणते गट महत्त्वाचे ते ती आधी ठरवत नाही. तळमजल्याचे नऊ गाळेधारक एकत्र आले तर त्यांचा एक माणूस येतो. बी विंगच्या गळतीने त्रासलेली नऊ घरं एक झाली तर त्यांचा येतो. उद्या प्रश्न बदलले, की त्याच नियमात वेगळे गट उभे राहतात.

हे पुस्तकी वाटत असेल तर १० जून २०२२ची राज्यसभेची निवडणूक आठवा. मुंबईतल्या विधान भवनात मतदान झालं, सहा जागा, सात उमेदवार. वैध मतं २८४. अपूर्णांक टाळण्यासाठी प्रत्येक मताचं मूल्य १०० धरतात, म्हणून एकूण २८,४००. सहात एक मिळवून सातने भागलं आणि एक वाढवला की कोटा ४,०५८, म्हणजे साधारण ४१ मतं. पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना पहिल्या पसंतीची प्रत्येकी ४८ मतं मिळाली, इम्रान प्रतापगढी यांना ४४, प्रफुल्ल पटेल यांना ४३, संजय राऊत यांना ४१. सहाव्या जागेसाठी शिवसेनेचे संजय पवार ३३ वर होते आणि भाजपचे धनंजय महाडिक २७ वर. निवडून आले महाडिक.

३३ वाला पडला आणि २७ वाला जिंकला, हे त्या रात्री अनेकांना कळेना. पण गोयल आणि बोंडे यांच्याकडे कोट्याच्या वर प्रत्येकी सातहून थोडी जास्त मतं शिल्लक होती. ती सरकली आणि महाडिकांनी कोटा पार केला. दोन्ही बाजूंची बेरीज केली की चित्र आणखी स्वच्छ होतं. भाजपच्या तिघांची पहिल्या पसंतीची मतं १२३, महाविकास आघाडीच्या चौघांची १६१. तीन जागांना लागतात सुमारे १२१.७ मतं, चार जागांना १६२.३. एका बाजूने आपली रेघ जेमतेम ओलांडली, दुसरी थोडक्यात अडली. निकाल ३-३. राजकारण कुणाला आवडो न आवडो, मतांच्या वाटणीप्रमाणे जागांची वाटणी अगदी बरोबर होती. २८४ पैकी १६१ म्हणजे सहापैकी ३.४ जागा, आणि त्याच्या जवळचा पूर्ण आकडा ३च.

संसदेची लोकलेखा समितीही याच रीतीने निवडली जाते. तिच्यात लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ सदस्य असतात. सरकारचा खर्च तपासणारी समिती सरकारच्याच बहुमताने भरली गेली तर तपासणार काय, हा विचार त्यामागे आहे. सोसायटीच्या हिशेबालाही तो तितकाच लागू पडतो.

आणि १९४६. संविधान सभेचे प्रांतांतले सदस्य प्रांतिक विधानसभांनी याच संक्रमणीय मताने निवडले. डॉ. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची प्रांतिक निवडणुकीत वाताहत झाली होती. मुंबई प्रांतातून निवडून येण्याएवढी मतं त्यांच्या पाठीशी नव्हती. बंगालमध्ये जोगेंद्रनाथ मंडल यांच्या पुढाकाराने मूठभर सदस्य त्यांच्यामागे उभे राहिले आणि कोटा गाठायला तेवढे पुरले. ज्याला बहुमत त्याला सगळ्या जागा, असा नियम असता तर ही वाट मुळात नव्हतीच. फाळणीने ती जागा गेल्यावर जुलै १९४७ मध्ये, मु. रा. जयकरांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर, ते काँग्रेसच्या पाठिंब्याने मुंबईतून निवडून आले. २९ ऑगस्टला नेमलेल्या सात जणांच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष झाले. बंगालच्या त्या मूठभर मतांनी ते पहिल्यांदा सभागृहात पोचले होते, हे विसरता कामा नये.

तौलनिक संख्याबळ आणि अपूर्णांकांची भांडणं

मोठ्या सभागृहात पक्ष असतात, तेव्हा मतदान न घेताही समिती भरता येते. मुंबई महानगरपालिकेच्या स्थायी समितीचं तसंच आहे. नगरसेवक २२७. समितीत त्यांच्यातले २६, शिवाय शिक्षण समितीचा अध्यक्ष. पक्षांचं तौलनिक संख्याबळ काढायचं, प्रत्येक गटाला त्या प्रमाणात जागा द्यायच्या, आणि गटनेते नावं देतात. ऐकायला सरळ आहे. अडचण अपूर्णांकात येते, कारण नगरसेवकाचे तुकडे होत नाहीत.

२०१७च्या निवडणुकीतले आकडे घेऊन करून बघू. त्यानंतर अपक्ष कुठल्या गटात गेले ते बाजूला ठेवू. शिवसेना ८४, भाजप ८२, काँग्रेस ३१, राष्ट्रवादी ९, मनसे ७, समाजवादी ६, बाकी लहानसहान. २२७ ला २६ ने भागलं की एका जागेमागे ८.७३ नगरसेवक येतात. त्या हिशेबाने शिवसेनेच्या वाट्याला ९.६२ जागा, भाजपच्या ९.३९, काँग्रेसच्या ३.५५, राष्ट्रवादीच्या १.०३, मनसेच्या ०.८० आणि समाजवादीच्या ०.६९.

एक रीत म्हणते, आधी पूर्ण आकडे देऊन टाका. ९, ९, ३, १ मिळून २२ झाल्या. उरलेल्या चार जागा ज्यांचा अपूर्णांक मोठा त्यांना द्या. मनसेला एक, समाजवादीला एक, शिवसेनेला एक, काँग्रेसला एक. अंतिम चित्र: १०, ९, ४, १, १, १.

दुसरी रीत म्हणते, अपूर्णांक सगळ्यांचाच सोडा, पण एका जागेची किंमत इतकी कमी करा की बेरीज बरोबर २६ येईल. किंमत ७.६ नगरसेवक धरली तर शिवसेनेला ११, भाजपला १०, काँग्रेसला ४, राष्ट्रवादीला १. मनसेचे ७ आणि समाजवादीचे ६ किमतीला पुरत नाहीत, त्यांना शून्य. जगातल्या बऱ्याच देशांच्या संसदीय निवडणुकांत ही दुसरी रीत वापरतात. बेल्जियमच्या व्हिक्टर द'होंट यांच्या नावाने ती ओळखली जाते.

तेच नगरसेवक, त्याच २६ जागा. पहिल्या हिशेबात सहा पक्ष समितीत आहेत, दुसऱ्यात चारच. आणि दोन्ही हिशेब करणारा माणूस प्रामाणिकपणे म्हणू शकतो की मी प्रमाणातच वाटणी केली. दुसरी रीत मोठ्यांकडे झुकते, कारण अपूर्णांक सोडण्याचा फटका लहान पक्षाला सबंध जागेइतका बसतो, मोठ्याला जाणवतही नाही. शहराच्या पैशांवर देखरेख करणाऱ्या समितीत मी पहिलीच रीत निवडेन.

तिच्यातही खोट आहे. १८८० सालच्या जनगणनेनंतर अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाच्या जागा वाटताना लक्षात आलं, की एकूण जागा २९९ धरल्या तर अलाबामा राज्याला ८ मिळतात आणि ३०० धरल्या तर ७. एकूण जागा वाढली आणि वाटा घटला! मोठ्या अपूर्णांकाच्या रीतीत हे होऊ शकतं. यावर तिसरी रीत आहे. जागेची किंमत अशी ठरवायची की प्रत्येकाचा वाटा जवळच्या पूर्ण आकड्याला नेला तरी बेरीज जुळेल. अर्धा किंवा त्याहून जास्त असेल तर वर, कमी असेल तर खाली. आपल्या उदाहरणात ८.७३ हीच किंमत चालते आणि उत्तर पहिल्यासारखंच येतं, अलाबामाचा घोटाळा मात्र होत नाही.

मुद्दा असा की कोणती रीत वापरायची ते निकालाआधी लिहून ठेवलेलं असावं. निकाल लागल्यावर प्रत्येकाला आपल्या सोयीचा अपूर्णांक दिसू लागतो.

पक्ष नसतील तेव्हा

वाचनालय, नाट्यमंडळ, गणेशोत्सव मंडळ. इथे पॅनेलं क्वचित असतात आणि पसंतीक्रम मोजण्याचा खटाटोप लोकांना नको असतो. त्यांच्यासाठी एक सोपी रीत आहे, डेन्मार्कच्या थोरवाल थीले या खगोलशास्त्रज्ञाने १८९५ मध्ये मांडलेली. प्रत्येकाने आपल्याला चालतील त्या सगळ्या नावांवर खूण करायची. मोजताना एकच अट. तुमचा एक माणूस निवडून आला की पुढच्या फेरीत तुमचं मत अर्धं, दोन आले की एक तृतीयांश.

तीस सभासद, तीन जागा. १८ जणांनी सुनंदा, महेश, अशोक या तिघांवर खूण केली, १२ जणांनी फक्त फातिमावर. साध्या मोजणीत पहिले तिघे अठरा-अठरा मतांनी येतात आणि बारा जण रिकाम्या हाताने घरी जातात. थीलेंच्या रीतीत पहिल्या फेरीत सुनंदा आल्या. आता त्या १८ जणांचं मत अर्धं, म्हणून महेश आणि अशोक ९ वर, फातिमा १२ वर. दुसरी जागा फातिमाची. तिसरी महेश-अशोक यांच्यापैकी एकाची. १८ जणांचे दोन, १२ जणांचा एक. हा हिशेब फळ्यावर सगळ्यांसमोर पाच मिनिटांत होतो.

कुणीच उभं राहत नाही तेव्हा

आता खरं बोलायचं तर मुंबईतल्या कितीतरी सोसायट्यांत भांडण जागांसाठी नसतंच. अर्ज येत नाहीत. तेच पाच जण वर्षानुवर्षं बिनविरोध. त्यांतले काही मनापासून राबतात, रात्री अकराला पाण्याच्या टँकरला फोन करतात, आणि वर शिव्याही खातात. काही खुर्ची सोडत नाहीत. मतमोजणीची कुठलीही चांगली रीत इथे निरुपयोगी आहे, कारण मोजायला मतंच नाहीत.

इथे चिठ्ठीचा विचार करावा. आपल्याकडे चिठ्ठीवर लोकांचा विश्वास आहे. म्हाडाच्या घरांची सोडत निघते. पालिकेचे कोणते प्रभाग महिलांसाठी राखीव, तेही सोडतीने ठरतं. २०१७ मध्ये प्रभाग २२० मध्ये भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांना सारखीच मतं पडली, तेव्हा चिठ्ठीने शहा नगरसेवक झाले. पुण्यासारख्या महानगरपालिकेत स्थायी समितीच्या १६ सदस्यांपैकी पहिल्या वर्षअखेर कोणते ८ निवृत्त होणार, हेही चिठ्ठ्या टाकून ठरवतात. सगळी समिती एकदम नवी होत नाही, काम माहीत असलेले निम्मे मागे राहतात.

चिठ्ठीने समिती निवडण्याचा आपल्या देशातला सर्वांत तपशीलवार पुरावा तामिळनाडूत, कांचीपुरमजवळच्या उत्तिरमेरूरला आहे. चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातले, साधारण इ. स. ९१९ आणि ९२१चे, शिलालेख तिथल्या वैकुंठ पेरुमाळ मंदिराच्या भिंतींवर कोरलेले आहेत. गावाचे तीस विभाग. प्रत्येक विभागातून पात्र माणसांची नावं ताडपत्राच्या चिठ्ठ्यांवर लिहायची, त्यांची जुडी बांधायची, तीस जुड्या एका मडक्यात. सगळ्या गावासमोर वडीलधारा पुरोहित मडकं उंच धरतो. आत काय आहे हे माहीत नसलेला लहान मुलगा एक जुडी काढतो, ती दुसऱ्या मडक्यात सुटी करून हलवतात, आणि तोच मुलगा तिच्यातली एक चिठ्ठी उचलतो. ती घेणाऱ्याने पाची बोटं पसरून उघड्या तळव्यावरच घ्यायची. आधी तो वाचणार, मग तिथले सगळे पुरोहित वाचणार. अकराशे वर्षांमागे चिठ्ठी बदलली जाऊ नये म्हणून तळहात उघडा ठेवायचा नियम दगडात कोरून ठेवणारी माणसं किती सावध असतील!

अशा रीतीने निघालेल्या तीस जणांतून वार्षिक समितीचे बारा, बागांच्या समितीचे बारा, तलावाच्या समितीचे सहा. वार्षिक समितीवर आधी बाग आणि तलाव समितीत काम केलेले अनुभवी लोक. गेल्या तीन वर्षांत समितीवर असलेल्याची चिठ्ठी मडक्यात पडत नसे. आणि ज्याने समितीवर असताना हिशेब दिला नाही, तो बादच, त्याच्याबरोबर त्याचे जवळचे नातेवाईकही. हे शेवटचं कलम मला प्रत्येक सोसायटीच्या सूचनाफलकावर बघायला आवडेल.

तिथली पात्रता मात्र आज मान्य होण्यासारखी नाही. वय ३५ ते ७०, स्वतःची जमीन, स्वतःच्या जागेवर घर, वेदांचं ज्ञान. ते ब्राह्मणांना दान दिलेलं गाव होतं. बायका आणि राबणारे लोक मडक्याच्या आसपासही नव्हते. चिठ्ठी न्याय करते ती मडक्यात असलेल्यांपुरता, म्हणून मडक्यात कुणाची नावं पडतात हा पहिला प्रश्न.

व्हेनिसच्या लोकांनी चिठ्ठी आणि मत यांची सांगड घातली होती. १२६८ पासून तिथला प्रमुख निवडताना चिठ्ठीने तीस जण काढत, चिठ्ठीने त्यांचे नऊ करत, ते नऊ जण चाळीस निवडत, त्यांचे पुन्हा चिठ्ठीने बारा, असं करत करत शेवटी ४१ जण मत देत. मधल्या चिठ्ठ्यांमुळे कुणाला आधी विकत घ्यायचं तेच कळत नसे. आयर्लंडने २०१६ मध्ये ९९ सामान्य नागरिक वय, लिंग, प्रदेश यांचं प्रमाण राखून यादृच्छिकपणे निवडले. गर्भपाताच्या प्रश्नावर त्यांनी केलेल्या शिफारशींतून २०१८चं सार्वमत झालं.

सोसायटीत काय करता येईल

मॅनेजिंग कमिटीची निवडणूक सहकार कायदा, २०१४चे निवडणूक नियम आणि उपविधी यांनी बांधलेली आहे. सभेने ठराव करून तिथे पसंतीक्रम आणता येणार नाही. पण पुनर्विकास समिती, दुरुस्ती समिती, सांस्कृतिक समिती या उपसमित्या सर्वसाधारण सभाच नेमते. सहसा सचिव नावं वाचतात, कुणीतरी अनुमोदन देतं आणि विषय संपतो. सुरुवात तिथून करावी.

पुनर्विकासाच्या उपसमितीला मी पसंतीक्रमाचं मतदान सुचवेन. सात जागा पुरेत. शंभर सभासदांत कोटा १३ येतो. १०० भागिले ८ म्हणजे १२.५, त्याच्या वरचा आकडा. शिल्लक मतं सरकवायला ४१ आणि ४,०५८ची कसरत नको वाटत असेल, तर उमेदवार कोट्याला पोचला की त्याच्यापुढच्या मतपत्रिका थेट पुढच्या पसंतीकडे द्यायच्या, अशी सोपी आवृत्तीही चालते. तिच्यात कोणती मतपत्रिका आधी निघाली यावर थोडं अवलंबून राहतं, म्हणून मोजण्याआधी सगळ्या नीट मिसळाव्यात आणि हे सभेला सांगावं. दुरुस्ती समितीला, जिथे कुणी पुढे येत नाही, चिठ्ठी बरी: नाही म्हणायची मोकळीक ठेवून, प्रत्येक विंगमधून एक, दर वर्षी निम्मे बदलायचे.

आणि मतपत्रिका मोजून झाल्या की फाडू नयेत. पुढे कुणी राजीनामा देतं, कुणी फ्लॅट विकून बदलापूरला जातं. अशा वेळी रिकामी जागा उरलेल्या सदस्यांनी आपल्या मर्जीने भरली, की त्या ४५ जणांचा पाचवा माणूस हळूच ५५ जणांचा सातवा होऊन जातो. त्याऐवजी सीलबंद ठेवलेल्या त्याच मतपत्रिका काढाव्यात, गेलेल्या सदस्याचं नाव खोडून त्याला निवडून देणारी मतं पुढच्या पसंतीकडे सरकवावीत. ज्या मतदारांनी ती जागा भरली होती, तेच ती पुन्हा भरतील.